वाटेवर लीद, फॉर्मात घोडा नाही

विचारणा थोडक्यात अशी होती. एका संरक्षित रानाची जबाबदारी नव्याने अंगावर आली आहे. आत रस्ता नाही, वस्ती नाही, फक्त पायवाटा. आत शिरायला नऊ ठिकाणं. इथे कोण येतं, किती येतात, काय करतात आणि त्यांना काय वाटतं याचा सर्व्हे करा, असा वरून हुकूम आहे. हाताशी सहा स्वयंसेवक. जोडून आलेल्या सुट्टीच्या तीन दिवसांत मुख्य वाटेच्या तोंडाशी उभं राहून ४०० फॉर्म भरून घ्यायचे, असा बेत. प्रश्नावली चार पानी, ६२ प्रश्नांची. विचारलंय दोनच गोष्टींबद्दल: ४०० फॉर्म पुरेत का, आणि प्रश्नावली बरी आहे का.

४०० फॉर्म पुरेत. तीन दिवस पुरणार नाहीत. आणि प्रश्नावली मी शेवटी वाचली, कारण तुमचा बेत फसणार असेल तर तो प्रश्नांमुळे फसणार नाही.

हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही, ठेच लागून आलंय. माझ्या पहिल्या स्वतंत्र सर्व्हेत मी वाहनतळाच्या कडेला, सावली बघून टेबल टाकलं. पाण्याचा कॅन, क्लिपबोर्ड, दोन हसतमुख पोरं. महिनाभरात ३१२ फॉर्म जमले. त्यांत घोड्यावरून आलेले किती? दोन. घोडेस्वारांचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असून त्यांच्यासाठी वेगळी सोय करण्याची गरज दिसत नाही, असं मी अहवालात टेचात लिहून टाकलं. वाटांची डागडुजी करणाऱ्या टोळीच्या म्होरक्याने तो वाचला आणि एवढंच विचारलं, "अहो, मग वाटेवरची ती लीद कुणाची?" मग चक्कर मारून पाहिलं. घोडे वाहून आणणारे लांबलचक ट्रेलर आमच्या वाहनतळात वळतच नव्हते. ते अर्धा किलोमीटर अलीकडे खडीच्या मैदानात थांबत, घोडे तिथे उतरत आणि एका आडवाटेने मुख्य वाटेला लागत. जे थोडे टेबलासमोरून जात, ते फॉर्म भरायला खाली उतरत नसत. मुरलेला घोडेस्वार चार पानांसाठी कशाला उतरेल?

तीनशे बारा लोकांनी मला खरीच उत्तरं दिली होती. खोटं कुणीच बोललं नव्हतं, तरी अहवाल खोटा होता. म्हणून कुणाला गाठायचं, कुठे उभं राहून, कोणत्या दिवशी, आणि जे हातातून निसटले त्यांची नोंद कुठे ठेवायची, हे आधी. प्रश्न मागाहून.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. या उत्तरांवर तुम्ही ठरवणार काय आहात? कागदावर प्रत्येक प्रश्नासमोर एक रिकामा रकाना आखा आणि त्यात लिहा, 'उत्तर असं आलं तर आम्ही अमुक बदलू.' रकाना भरता आला नाही तर प्रश्न गाळा. तुमच्या ६२पैकी निम्मे इथेच गळतील. 'माहिती असलेली बरी' हे कारण चालणार नाही. दमलेल्या माणसाची दहा मिनिटं फुकट मागायला ते फार तोकडं कारण आहे.

काही ठिकाणी हा 'कशासाठी' कायद्यानेच ठरवून दिलेला असतो. अमेरिकेचा वाइल्डरनेस कायदा, म्हणजे रान रानासारखंच राखण्याचा कायदा, ३ सप्टेंबर १९६४ रोजी लागू झाला तेव्हा त्यात ५४ क्षेत्रं होती, सुमारे ९१ लाख एकर. आज तिथे आठशेहून जास्त क्षेत्रं आहेत आणि एकूण जमीन ११ कोटी एकरांच्या वर गेली आहे. अशा भूमीत एकांताची किंवा साध्या, बंधनमुक्त भटकंतीची उत्तम संधी असावी, हे त्या कायद्याच्या व्याख्येतच आहे. म्हणजे तिथल्या व्यवस्थापकाने 'आज वाटेत किती गट भेटले?' असं विचारलं, तर त्याला ज्या गोष्टीची राखण करायची आहे तिचीच ती नाडी असते. तुमच्या रानाच्या अधिसूचनेत काय राखायचं म्हटलंय ते एकदा काढून वाचा. बहुतेकांनी वाचलेलं नसतं.

या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं काम फार जुनं आहे. रॉबर्ट लुकास या भूगोलतज्ज्ञाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटाच्या उत्तर सीमेवरच्या तळ्यांच्या मुलुखात, आज ज्याला बाउंड्री वॉटर्स म्हणतात तिथे, लोकांना गाठून विचारलं की तुमच्या मते रान कुठून सुरू होतं. वल्ही मारत जाणाऱ्यांचं रान लहान निघालं. मोटरबोटीचा आवाज आला की त्यांच्या लेखी तिथलं रान संपलं. मोटरबोटवाल्यांचं रान मात्र ऐसपैस होतं, आणि वल्हीवाले भेटले तर त्यांना काडीचीही अडचण नव्हती, उलट बरंच वाटायचं. त्रास एकतर्फी होता. आता कल्पना करा, लुकासने दोघांची उत्तरं एकाच टोपलीत टाकून सरासरी काढली असती तर? 'बहुतेकांना इतरांचा त्रास होत नाही' असं छान वाक्य मिळालं असतं. आणि त्रास झालेले लोक दुसऱ्या वर्षापासून येईनासे झाले असते, म्हणजे पुढच्या सर्व्हेत वाक्य आणखी छान झालं असतं.

आता मोजणी आणि विचारपूस ही दोन वेगळी कामं आहेत, हे डोक्यात पक्कं बसवा. फॉर्मांच्या संख्येवरून 'किती लोक येतात' हे कधीच कळत नाही. ते स्वतंत्रपणे मोजावं लागतं, आणि मग फॉर्म त्या मोजणीला रंग-रूप देतात.

तुमच्याकडे वाटेच्या तोंडाशी नोंदवही ठेवलेली पेटी आहे असं लिहिलंय. असू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. नोंद करणाऱ्यांचं प्रमाण जागेगणिक कमालीचं खालीवर होतं, हे अनेकांनी तपासून पाहिलंय. एका वाटेवर बहुतेक सगळे लिहितात, पलीकडच्या वाटेवर चौथा हिस्सासुद्धा लिहीत नाही. मुक्कामाला जाणारे लिहितात, तासा-दोन तासांसाठी आलेले टाळतात, घोडेस्वार आणि शिकारी तर फारच कमी. शिवाय पेन्सिल तुटते, वही भिजते, आणि दर हंगामात एखादा सांताक्लॉज उत्तर ध्रुवाहून आल्याची नोंद असतेच. वही वापरायची असेल तर काही दिवस जवळपास माणूस बसवून दहापैकी किती गट लिहितात ते मोजा, तेही पायी आणि घोडेस्वार वेगळे, दिवसापुरते आणि मुक्कामाचे वेगळे.

यंत्र बरं. वाटेच्या कडेला झाडाला बांधायचा इन्फ्रारेड काउंटर, भुईत पुरायची दाबपट्टी, किंवा गाड्या मोजायला रस्त्यावर आडवी टाकलेली रबरी नळी. पण यंत्रालाही स्वभाव असतो. दोघं खांद्याला खांदा लावून गेले तर काउंटर एकच धरतो. वाऱ्याने हलणारी फांदी, हरीण, समोर उभं राहून पाणी पिणारा माणूस या सगळ्यांना तो प्रवासी समजतो. म्हणून जागा निवडताना वाट अरुंद हवी, चढाची हवी म्हणजे लोक एकामागोमाग चालतील, आणि थांबण्यासारखं तिथे काहीही नको. फलक नको, नजारा नको, बसायला दगड नको. मी एकदा काउंटर एका देखण्या वळणावर बांधला होता. तिथे प्रत्येकजण फोटोसाठी पुढे-मागे व्हायचा आणि यंत्र एकेकाला सहा-सहा वेळा मोजायचं.

मग त्याची परीक्षा घ्यायची. समजा, वेगवेगळ्या दिवशी मिळून २० तास तुमचा माणूस काउंटरजवळ बसला. त्याने २६५ जण मोजले आणि यंत्राने २१२. म्हणजे गुणक १.२५. महिन्याचा आकडा ६,४०० आला तर खरं येणं-जाणं ८,०००. जाणारे त्याच वाटेने परतत असतील तर त्याचे निम्मे, ४,०००, बाहेर पडलेले. आता विचारपुशीत कळलं की बाहेर पडणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक गाडीतून काहीतरी आणायला आलेले, किंवा तिथेच काम करणारे कर्मचारी आहेत. राहिल्या ३,४०० भेटी. बघा, यंत्र म्हणत होतं ६,४००. वर्तमानपत्रात तोच आकडा छापून येतो. आकडे काल्पनिक आहेत, रीत मात्र हीच.

'भेट' म्हणजे काय, हेही आताच लिहून ठेवा. चौघांचा गट तीन दिवस राहिला तर भेटी चार आणि माणूस-दिवस बारा. रोज सकाळी पळायला येणारी एकच बाई वर्षाला दोनशे भेटी देते, पण माणूस एकच. अमेरिकेच्या वन सेवेत बरीच वर्षं बारा तासांचा एक 'पर्यटक-दिवस' धरत. एक माणूस बारा तास किंवा बारा माणसं एकेक तास, दोन्ही सारखंच. शौचखड्डे किती लागतील हे ठरवायला माणूस-दिवस हवेत. वाहनतळ किती मोठा हवा, तर भेटी हव्यात. दोन वर्षांचे आकडे वेगवेगळ्या एककांत असतील तर ते एकमेकांशेजारी ठेवूसुद्धा नका.

आता तुमचे ४०० फॉर्म आणि तीन दिवस. पाठ्यपुस्तक सांगतं की सुमारे ४०० जणांचा नमुना घेतला तर टक्केवारी पाच अंक इकडेतिकडे, ९५ टक्के खात्रीने. पण ते गणित प्रत्येक माणूस सुटा निवडलाय असं धरून चालतं. एकाच दिवशी आलेले लोक एकमेकांसारखे असतात. एकच हवा, एकच सुट्टी, एकच वाहतुकीचा खोळंबा, वाटेत तेच ते तीस जणांचं गोंगाटी टोळकं. आठ दिवसांत रोज ५० फॉर्म भरले आणि एका दिवसाच्या लोकांमधलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळे तंतोतंत सारखे) अगदी थोडं, ०.०५ इतकंच धरलं, तरी तुमचे ४०० फॉर्म सुट्या निवडीच्या ११६ फॉर्मांइतक्याच वजनाचे ठरतात. पाच अंकांची चूक नवावर जाते. तेच ४०० फॉर्म ४० दिवसांत रोज दहा असे भरले तर वजन २७६ आणि चूक सहाच्या आसपास. मेहनत फॉर्म भरायला लागते त्याहून जास्त तिथे जाऊन उभं राहायला लागते, हे मला मान्य आहे. तरी दिवस वाढवा, रोजचे फॉर्म कमी करा. तुमचे तीन दिवस तर एकाच सुट्टीचे. त्या सर्व्हेचं नाव 'जोडसुट्टीत मुख्य वाटेवर आलेले लोक' असंच ठेवावं लागेल.

दिवस आणि वाटा मिळून एक तक्ता करा. नऊ वाटा गुणिले हंगामातले सगळे दिवस. त्याचे कप्पे पाडा: गर्दीचे, मध्यम, तुरळक. मग प्रत्येक कप्प्यातून चिठ्ठ्या टाकून दिवस उचला. गर्दीच्या कप्प्यातून जास्त, पण तुरळकमधूनही काही हवेतच. अमेरिकेच्या वन सेवेची 'नॅशनल व्हिजिटर यूज मॉनिटरिंग' ही मोजणी २००० साली सुरू झाली, तिचा सांगाडा असाच आहे. प्रत्येक राष्ट्रीय वनाची पाळी पाच वर्षांतून एकदा येते. जागांचे प्रकार ठरलेले, वाइल्डरनेस हा त्यांतला एक, आणि त्या जागेवरून त्या दिवशी भेट आटपून, म्हणजे पुन्हा आत न जाता, बाहेर पडणारे किती असतील या अंदाजावरून दिवसांचे कप्पे. एवढी मोठी यंत्रणा असूनही वाइल्डरनेसचा भाग सगळ्यात अवघड जातो, कारण थोडे लोक आणि पुष्कळ दारं.

चिठ्ठीत पावसाचा मंगळवार निघाला तर पावसाच्या मंगळवारीच जायचं. 'कुणी येणारच नाही, त्यापेक्षा शनिवारी दोन पाळ्या करतो,' असं स्वयंसेवक म्हणणारच. नाही म्हणा. सहा तास बसून एकही माणूस आला नाही तर त्या दिवसाच्या कागदावर शून्य लिहून, सही करून आणायचं. ते शून्य फॉर्माइतकंच मोलाचं आहे. माझ्या एका सर्व्हेत तर सगळ्यात उपयोगी निष्कर्ष शून्यांतूनच निघाला. ज्या वाटेवर नवा पूल बांधायचा घाट घातला होता, तिथे आठवड्याच्या कामाच्या दिवसांत कुणी फिरकतच नव्हतं.

उभं कुठे राहायचं? बाहेर पडण्याच्या जागी, आत नव्हे. एक तर एकांतासाठी आलेल्या माणसाला आत गाठून 'एकांत मिळतोय का?' विचारणं हा विनोद आहे. पण खरं कारण गणिताचं आहे. समजा, रोज १०० गट आत शिरतात. ८० त्याच दिवशी परततात, २० गट पाच दिवस राहतात. कोणत्याही दिवशी आत सापडतील ते ८० एकदिवसीय आणि २० गुणिले ५ म्हणजे १०० मुक्कामी. आत फिरून मुलाखती घेतल्या तर मुक्कामी लोक निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के दिसतील. दारात मात्र रोज ८० आणि २० असेच बाहेर पडतात. जो जास्त थांबतो तो तुमच्या जाळ्यात जास्त वेळा येतो, एवढंच. आत मुलाखती घेणं अटळच असेल तर प्रत्येकाचा मुक्काम विचारा आणि त्या प्रमाणात वजन कमी करा. पाच दिवसवाल्याला एक पंचमांश.

आता दारातली गोष्ट जरा जवळून दाखवतो, कारण सर्व्हे इथेच बिघडतो. संध्याकाळचे साडेपाच. वाटेवरून एक बाप उतरतोय, खांद्यावर झोपलेलं पोर, हातात गाडीची किल्ली. त्याच्यामागे दोन तरुणी, ताज्यातवान्या, हसत. तुमचा स्वयंसेवक कुणाला थांबवेल? सांगायलाच नको. दिवसभरात असं वीस वेळा घडतं आणि अहवालात तरुण, समाधानी, बोलके लोक भरतात. म्हणून निवड स्वयंसेवकाच्या हातातून काढून घ्या. वाटेवर चुन्याची रेघ ओढा. आधीचा फॉर्म संपला की त्यानंतर रेघ ओलांडणारा पहिला गट, मग तो कसाही असो. गटातून कोण? १६ वर्षांपुढच्यांपैकी ज्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेला तो. नाहीतर प्रत्येक गटातून तोच एक पुढारी बोलतो, आणि बाकीच्यांना सहल कशी वाटली ते कळतच नाही.

बापाने नकार दिला तर? त्याला जाऊ द्या, पण त्याची ओळ भरा. एक वेगळा कागद: वेळ, गटात किती जण, पायी की घोड्यावर, पाठीवर मोठी पिशवी की लहान, सोबत मूल किंवा कुत्रा. नाव-गाव काही नको, दिसतं तेवढंच. हा नकाराचा कागद मी मुलाखतीच्या कागदापेक्षा जपतो. हंगाम संपल्यावर हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे शेजारी ठेवायचे. मोठ्या पिशवीवाल्यांतले निम्मे नाही म्हणत असतील आणि लहान पिशवीवाल्यांतला दहावा हिस्सा, तर मोठ्या पिशवीवाल्यांच्या फॉर्मांना जास्त वजन द्यावं लागेल, आणि अहवालात तसं लिहावंही लागेल.

लांबलचक प्रश्न असतीलच तर दारात दोन मिनिटांची विचारपूस करा आणि बाकीचं नंतर टपालाने किंवा ईमेलने पाठवा, आठवण करणारी दोन पत्रंही पाठवा. मागाहून उत्तर देणारे हौशी असतात. पण दारातल्या दोन मिनिटांची उत्तरं सगळ्यांचीच हाताशी असल्यामुळे ही हौस किती फरक पाडते ते तपासता येतं.

आता एकदाची तुमची प्रश्नावली.

प्रश्न १७: 'वाटा स्वच्छ आणि सुरक्षित वाटल्या का?' स्वच्छ पण निसरड्या असतील तर माणसाने काय लिहायचं? दोन प्रश्न करा किंवा एक गाळा. प्रश्न ३१: 'गर्दीमुळे तुमच्या अनुभवाला किती बाधा आली?' यात गर्दी होती आणि बाधा आली हे तुम्हीच ठरवून टाकलंत. प्रश्न ४४: 'तुम्ही कचरा परत नेता का?' शंभर टक्के लोक हो म्हणतील. हे माणसांना विचारू नका, मुक्कामाच्या जागा हिंडून राखेतले डबे मोजा. प्रश्न ५२ उत्पन्नाचा. त्यावर तुम्ही काय ठरवणार आहात? रकाना रिकामाच दिसतोय.

'एकंदरीत किती समाधानी आहात?' हा प्रश्न ठेवलात तरी त्यावर निर्णय टांगू नका. रानातून बाहेर पडणारा माणूस जवळपास नेहमीच समाधानी असतो. रजा काढली, घाम गाळला, आता वाईट होतं म्हणणं म्हणजे स्वतःलाच मूर्ख म्हणणं. त्यातून ज्यांना ते रान आवडत नाही ते मुळात आलेलेच नसतात. वाटेची पार वाट लागलेली असतानाही दहापैकी नऊ जण खूश, असं मी पाहिलंय.

गर्दीसाठी नऊ अंकांची एक पट्टी १९७०च्या दशकापासून जगभर वापरात आहे. १ म्हणजे अजिबात गर्दी वाटली नाही, ९ म्हणजे कमालीची. ती वापरा, म्हणजे इतरांशी तुलना करता येते. पण तिचा कल लक्षात असू द्या. 'गर्दी नाही' याला पट्टीवर दोनच अंक मिळतात आणि ३ पासून पुढे सगळं 'थोडीफार गर्दी' धरतात, त्यामुळे मोठी टक्केवारी दिसली म्हणून लगेच दचकू नका. वाटेत किती गट भेटले हा आकडा मात्र आठवणीवर सोडलात तर कमीच येतो. पहिले तीन-चार गट लक्षात राहतात, पुढचे एकमेकांत मिसळतात. काही जणांना शिरताना खिशात मावेल असा पुठ्ठा द्या, गट भेटला की एक रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. किंवा तुमचाच माणूस पाहुण्यासारखा चालवून मोजा. 'किती गट भेटले तर जास्त वाटतील?' असं विचारत असाल तर 'मला फरक पडत नाही' हा पर्याय ठेवाच, नाहीतर लोक काहीतरी आकडा ठोकून देतात आणि पुढे तोच आकडा नियम होऊन बसतो. एका ठिकाणी एका वेळी किती माणसं चालतील हे विचारायला शब्दांपेक्षा चित्रं बरी. युटाच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात डेलिकेट आर्च या कमानीच्या एकाच दृश्यात माणसांची संख्या कमी-जास्त करून छायाचित्रं दाखवली होती. रानात पूर्ण एकांत हे एक चित्र आणि समोर दोन तंबू हे दुसरं, एवढ्यावरही भागतं.

आणि जे आलेच नाहीत ते? गर्दीला कंटाळून कुणी पहाटे येऊ लागतं, कुणी मंगळवार धरतं, कुणी दुसरं रान. काही जण येत राहतात पण अपेक्षा खाली आणतात, म्हणजे 'रान' हा शब्दच त्यांच्यासाठी बदलतो. दारातल्या सर्व्हेला यातलं काही दिसत नाही, कारण निघून गेलेला माणूस दारात नसतो. थोडीशी चाहूल दोन प्रश्नांतून लागते: इथे पहिल्यांदा कोणत्या साली आलात, आणि तेव्हापासून येण्याची वेळ, वाट किंवा ऋतू बदलला का, कशामुळे? पाच वर्षांनी हेच पुन्हा विचारलंत आणि जुनी मंडळी विरळ झालेली दिसली, तर काहीतरी घडतंय. जुन्या परवान्यांवरचे पत्ते असतील तर येईनाशा झालेल्यांना चार ओळींचं पत्र टाका. उत्तरं थोडी येतील, पण अशी माहिती दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

मोबाइलच्या माहितीवरून हे सगळं घरबसल्या होईल असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. थोडं होतं. २०१३ साली एका अभ्यासाने जगभरातल्या ८३६ ठिकाणी फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरच्या छायाचित्रांची प्रत्यक्ष नोंदलेल्या भेटींशी तुलना केली, आणि ढोबळ मेळ बसला. मोठ्या, प्रसिद्ध जागांचा चढउतार त्यातून दिसतो. पण दिवसाला चार गट येणाऱ्या वाटेवर, जिथे फोनला रेंजच नाही, तिथे काय दिसणार? पळणाऱ्यांच्या ॲपमध्ये पळणारेच असतात. पूरक म्हणून घ्या. आणि कॅमेरे लावणार असाल तर चेहरा ओळखू येणार नाही इतके धूसर ठेवा आणि वाटेच्या तोंडाशी तसा फलक लावा.

परवानगीचं काय ते आधी विचारून ठेवा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या खात्याला दहा किंवा जास्त लोकांना तेच प्रश्न विचारायचे असतील तर आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि तीत महिने जातात. तुमच्याकडे कोणता नियम लागू आहे ते मला इथून ठरवता येणार नाही, पण छापखान्यात जाण्याआधी ते करा.

मी ठेवले असते असे प्रश्न चौदाच्या आसपास भरतात. आज इथून शेवटचे बाहेर पडताय ना, पुन्हा आत जाणार नाही ना? कधी शिरलात, कुठून? गटात किती जण? पायी, घोड्यावर की होडीतून? कुठवर गेलात, हे नकाशावर बोटाने. मुक्काम किती, कोणत्या जागी? कशासाठी आलात? किती गट भेटले, आणि मुक्कामाच्या जागेवरून किती दिसले-ऐकू आले? गर्दीची पट्टी. कशाने खटकलं, मोकळ्या जागेत त्यांच्याच शब्दांत. पहिल्यांदा कधी आलात? येण्याची वेळ, वाट किंवा ऋतू बदलला का? पिनकोड. आणि एखादं बंधन आणायचा विचार असेल तर नेमक्या त्याच बंधनाबद्दल एक प्रश्न, 'नियमांना तुमचा पाठिंबा आहे का?' असा मोघम नको.

छापण्याआधी दोन दिवस पंधरा-वीस जणांवर करून बघा आणि ते कुठे अडखळतात ते लिहून घ्या. काउंटर मात्र प्रश्नावलीसाठी थांबवू नका, या आठवड्यातच बांधा, म्हणजे दिवसांचे कप्पे पाडायला काहीतरी आकडे हाती येतील. आणि टेबल कुठे टाकायचं ते ठरवण्याआधी सहाही स्वयंसेवकांना घेऊन नऊच्या नऊ ठिकाणी स्वतः जा, एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीला. गाड्या कुठे लावतात, घोडे कुठे उतरतात, कुंपणाची तार कुठे वाकवलेली आहे ते बघा. नकाशावर नऊ वाटा आहेत. दहावी सापडेल.